संगणकाच्या पडद्यावरची चकाकी : दोष डोळ्यांचा की मांडणीचा?

(विश्रांतवाडी येथे अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला संगणकावर बोलायला सांगितले. संगणकाचे फायदे आणि त्याचे भविष्य यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज त्यातली एक अगदी लहान बाब घेणार आहे. ती म्हणजे पडद्याच्या काचेवर पडणारे प्रतिबिंब, ज्याला आपण साध्या भाषेत "स्क्रीनवर लाईट मारतो" असे म्हणतो. विषय लहान वाटेल, पण या लहान गोष्टीपायी मुलांनी क्लास सोडलेले मी पाहिले आहेत. म्हणून थोडा वेळ आपले लक्ष मागतो.

माझी बरीच वर्षे संगणकाचे मॉनिटर दुरुस्त करण्यात आणि शिकवण्यात गेली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तिच्या जिस्ट तंत्राने संगणकावर देवनागरी अक्षरे उमटू लागली, पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीवर छापखान्यांची कामे होऊ लागली, आणि गल्लोगल्ली डीटीपीचे व संगणकाचे क्लास निघाले. एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००२ साली सुरू झाल्यावर तर टिंगरेनगर, धानोरी, येरवडा, कळस या भागांतील मुलेमुली मोठ्या संख्येने संगणकासमोर बसू लागली. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे मागे मोठे पोट असलेला, काचेच्या ट्यूबचा. आधी तो गोल काचेचा होता. नंतर सपाट काचेचा आला, त्याला दुकानदार "प्युअर फ्लॅट" म्हणत. "फ्लॅट घ्या, लाईट मारणार नाही" असे सांगून तो विकला जाई. हे म्हणणे अर्धे खरे होते आणि अर्धे खोटे.

ट्यूबची काच मुळात गोल का होती, ते आधी पाहू. या नळीच्या आत हवा नसते, निर्वात पोकळी असते. बाहेरून मात्र वातावरणाचा दाब असतो, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. सतरा इंची मॉनिटरचा दिसणारा पडदा साधारण ३२ सेंटीमीटर रुंद आणि २४ सेंटीमीटर उंच असतो. हिशेब केला तर त्या काचेवर पावणेआठशे-आठशे किलोंचा भार होतो. मारुती ८०० गाडीचे वजनही याहून कमी आहे. घुमटाच्या आकाराची काच एवढा भार सहज पेलते, सपाट काचेला तो जड जातो. म्हणून काच फुगीर ठेवीत. सपाट करायची तर काच जाड करावी लागते, आणि आतली भोके असलेली धातूची जाळी किंवा तारा ताणून बसवाव्या लागतात. सोनी कंपनीने १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉन नळी आणली, ती उभ्या दिशेने सपाट आणि आडव्या दिशेने गोल होती. दोन्ही दिशांनी सपाट असलेले मॉनिटर सर्वसामान्य बाजारात आले ते १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी.

आता प्रतिबिंबाचे पाहू. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला की शंभरातला सुमारे चार भाग प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. काच गोल असो वा सपाट, हा चार टक्क्यांचा हिशेब बदलत नाही. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तुलना करून पाहा. ट्यूबच्या मॉनिटरवर पांढऱ्या भागाची उजळता साधारण १०० कँडेला प्रति चौरस मीटर असे. छताला लावलेल्या साध्या ट्यूबलाईटची उजळता आठ-दहा हजार असते. आठ हजाराचे चार टक्के म्हणजे ३२०. पडद्यावरचा कागद १०० ने उजळतो, आणि त्यावर पडलेले ट्यूबलाईटचे प्रतिबिंब ३२० ने! मग त्या जागी असलेला अनुस्वार, रफार, वेलांटी दिसणार कशी? ऊन पडलेली खिडकी किंवा उघडे दार मागे असेल, तर विचारायलाच नको.

मग गोल आणि सपाट यांत फरक काय? स्कूटरचा आरसा आठवा. तो किंचित फुगीर असल्यामुळे मागचा सगळा रस्ता त्यात लहान होऊन दिसतो. गोल काचेचा मॉनिटर तसाच. खोलीतली प्रत्येक ट्यूब, प्रत्येक खिडकी, दार, सगळे त्यात लहान लहान होऊन गोळा होते. खुर्ची इकडे सरकवा की तिकडे, काही ना काही चमकतेच. सपाट काच ही भिंतीवरच्या आरशासारखी. तिच्यात फक्त समोरच्या एका ठरावीक भागाचेच प्रतिबिंब दिसते, पण ते पूर्ण आकाराचे आणि स्पष्ट असते. त्या भागात दिवा आला, तर तो गोल काचेपेक्षा जास्त जाचतो. त्या भागात साधी काळसर भिंत असली, तर काहीच त्रास होत नाही.

बंधू-भगिनींनो, आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. सपाट पडद्याची चकाकी एका ठरावीक जागेहून येते. ती जागा शोधता येते आणि ती बदलता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

हे न कळल्यामुळे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. साधारण २००५ सालची गोष्ट. आपल्याच परिसरातील एका क्लासमध्ये एक मुलगी मराठी डीटीपी शिकत होती. घरची धुणीभांडी आटोपून ती संध्याकाळच्या बॅचला येई, त्यामुळे तिला नेहमी उशीर होई. चांगल्या जागा आधीच भरलेल्या असत. तिच्या वाट्याला येई ती दाराकडे पाठ असलेली कोपऱ्यातली खुर्ची, आणि दार पश्चिमेला. पाच-साडेपाचचे ऊन थेट तिच्या पडद्यावर येई. तिचे अनुस्वार राहत, ऱ्हस्व-दीर्घ चुके. महिन्याभरात तिचे डोके दुखू लागले. शिकवणाऱ्यांनी ठरवले की मुलीचे लक्ष नाही. घरच्यांनी ठरवले की मुलीचे डोळे कमजोर आहेत, हे काम तिला झेपायचे नाही. फी वाया जाते म्हणून वडील तिचे नाव काढायला आले होते. मी तेव्हा तेथे एक मॉनिटर दुरुस्त करायला गेलो होतो. वडिलांना मी त्या खुर्चीवर बसवले आणि म्हटले, "काका, हा कागद वाचून दाखवा." त्यांना दारातला उजेड आणि स्वतःचा पांढरा सदरा दिसला, अक्षरे दिसली नाहीत. टेबल भिंतीला काटकोनात फिरवायला आम्हाला पाच मिनिटे लागली. मुलीने कोर्स पूर्ण केला.

यात कोणी वाईट नव्हते. क्लासवाल्यांनी जागा मिळेल तशी टेबले लावली होती. पण त्या मांडणीची किंमत कोणी दिली? जिला घरकामामुळे उशीर होत होता, तिने. सार्वजनिक जागेत वाईट खुर्ची बहुधा अशाच मुलांच्या वाट्याला येते, जी तक्रार करीत नाहीत. म्हणून अभ्यासिकेची मांडणी हा केवळ सुतारकामाचा प्रश्न नाही. प्रत्येक खुर्ची बसण्याजोगी असणे ही आपल्या मंडळाची जबाबदारी आहे.

त्या काळात चकाकीवर उपाय म्हणून पडद्यापुढे टांगायची काच मिळे, तिला "फिल्टर" म्हणत. तपकीर गल्लीसारख्या बाजारातून लोक ती हौसेने आणीत. काचेवर विशेष लेप असेल तर तिचा उपयोग होई. पण स्वस्तातली साधी काच टांगली, तर काय होणार? तिला पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग. प्रत्येकाचे चार-चार टक्के. म्हणजे चकाकी घालवायला आणलेल्या काचेने आणखी दोन प्रतिबिंबे भेट दिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार. "किरणांपासून संरक्षण" म्हणूनही फिल्टर खपत असत. वास्तविक ट्यूबच्या पुढच्या काचेत बेरियम आणि स्ट्राँशियम व मागच्या भागात शिसे घालून तो बंदोबस्त कारखान्यातच केलेला असे.

काचेला काळसर रंग देण्याची युक्ती मात्र खरी होती. खोलीतला उजेड पडद्यावर पडून आतल्या पांढुरक्या लेपावरून परत येतो, त्यामुळे काळा रंग राखाडी दिसतो. काच काळसर केली, की पडद्याचा प्रकाश तिच्यातून एकदाच जातो, पण खोलीतल्या उजेडाला आत जाताना आणि बाहेर येताना असे दोनदा जावे लागते. काच निम्मा प्रकाश अडवीत असेल, तर चित्र निम्मे उरते, पण हा उपरा उजेड पाव उरतो. अक्षर उठून दिसते. मात्र या युक्तीने काचेच्या वरच्या पृष्ठभागावरचे आरशासारखे प्रतिबिंब जात नाही. ते जाते लेपाने.

या लेपाचा इतिहास विद्यार्थिनींनी जरूर लक्षात ठेवावा. १९३५ साली जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांसाठी असा लेप तयार केला. १९३८ साली अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या शास्त्रज्ञ महिलेने काचेवर एकावर एक ४४ अतिसूक्ष्म थर चढवून जवळजवळ न चमकणारी काच करून दाखवली. केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल १९२६. लेपाचे तत्त्व असे. लेपाच्या वरच्या बाजूने परतणारी प्रकाशाची लाट आणि खालच्या बाजूने परतणारी लाट, या एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येईल इतकीच लेपाची जाडी ठेवायची. दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि प्रतिबिंब मंद होते. ही जाडी सुमारे शंभर नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या काहीशेव्या हिश्श्याइतकी असते. चष्म्याच्या काचेवर जांभळट-हिरवट झाक दिसते ती याच लेपाची. पडदा बंद असताना त्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते जांभळट-निळसर दिसले तर काचेला लेप आहे. पांढरेशुभ्र दिसले तर नाही. लेप असलेली काच वर्तमानपत्राच्या बोळ्याने किंवा उग्र द्रावणाने घासू नये. किंचित ओलसर मऊ फडके पुरे.

आता काही जण म्हणतील, सर, ट्यूबचे मॉनिटर तर गेले. खरे आहे. २०१० च्या सुमारास नव्या संगणकाबरोबर ते येणे जवळजवळ थांबले. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसन कंपनीचा परदेशातील पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता, पण पातळ पडद्यांच्या लाटेपुढे तो धंदा टिकला नाही. मात्र काच गेलेली नाही. आज मुलांच्या हातातला मोबाईल, टॅबलेट, चकचकीत पडद्याचा लॅपटॉप हे सगळे सपाट आरसेच आहेत. त्यांना तोच चार टक्क्यांचा नियम लागू आहे. शिवाय गरज वाढली आहे. २०१९ पासून एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा संगणकावर घेतल्या जातात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावर होते. पडद्यावर तासन् तास वाचणे ही आता परीक्षेचीच अट झाली आहे. जो मुलगा सरावाच्या वेळी चकाकीशी झगडतो, तो प्रश्नाशी झगडायला उशिरा पोहोचतो.

तेव्हा उपाय काय, ते क्रमाने सांगतो. घरी गेल्यावर आजच करून पाहा.

पहिली गोष्ट, पडदा बंद करा आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसून त्या काळ्या काचेत पाहा. जे जे उजळ दिसेल, ते ते तुमचे चोर. दिवा, खिडकी, दार, पांढरा शर्ट. ही तपासणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा करावी, कारण ऊन फिरते. पडदा मंद किंवा खरखरीत असेल, तर त्यावर हातातला लहान आरसा टेकवा आणि त्यात काय दिसते ते बघा.

दुसरी गोष्ट, खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको. पाठीमागे असेल तर ती पडद्यात दिसते, समोर असेल तर डोळे दिपतात. ती डाव्या किंवा उजव्या बाजूला असावी. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते आपल्याकडे बारा महिने खरे नाही. पुण्यात साधारण १३ मे रोजी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत येतेच.

तिसरी गोष्ट, पडदा मागे कललेला असेल तर छतावरची ट्यूब त्यात येते. तो थोडा सरळ करा. आरसा पाच अंश फिरवला की प्रतिबिंब दहा अंश सरकते, म्हणून थोडासा बदलही पुरतो. ट्यूबलाईट बसणाऱ्याच्या डोक्यामागे न लावता बाजूला लावावी.

चौथी गोष्ट, एक खोली, एक दार, टेबल हलवायला जागा नाही, असे आपल्यापैकी अनेकांचे घर आहे. तेथे दारावर जुन्या साडीचा पडदा लावा. पडद्याच्या वर आणि बाजूंना काळ्या पुठ्ठ्याची झड लावा, जशी खिडकीवर पावसासाठी असते. अभ्यासाला बसताना गडद रंगाचा सदरा घाला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवा, कारण काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब अधिक उठते. मात्र खोलीत पूर्ण अंधार करून बसू नका, त्यानेही डोळे शिणतात.

पाचवी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. हे सगळे करूनही डोके दुखत असेल, तर चकाकीला दोष देत बसू नका. डोळे तपासून घ्या. चकाकीने डोळे शिणतात, पण नंबर असूनही चष्मा न लावणे हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला टेबल फिरवून उत्तर मिळत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे आणि पापण्या मिटाव्यात, कारण पडद्याकडे टक लावून पाहताना आपण त्या कमी मिटतो.

एक सूचना जुन्या मॉनिटरविषयी. कोणाकडे तो पडून असेल तर उघडू नका आणि फोडू नका. आत २५ हजार व्होल्टपर्यंतचा विद्युतभार असतो आणि तो बंद केल्यावरही काही काळ राहू शकतो. काचेत शिसे असते, निर्वात नळी फुटली तर काचा उडतात. भंगारात तांब्यासाठी तो फोडणारी मुले आपल्याच वस्त्यांतली असतात, हे विसरू नका. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा मॉनिटर अधिकृत संकलनातच द्यावा.

शेवटी पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती. अभ्यासिकेसाठी नवे संगणक घेण्याचा विचार चालू आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु संगणक येण्यापूर्वी एक दिवस रिकाम्या टेबलांवर आरसे ठेवून प्रत्येक खुर्चीवर एकेका विद्यार्थ्याला बसवावे, सकाळी आणि संध्याकाळी. कोणत्या खुर्चीवरून काय दिसते ते वहीत लिहून घ्यावे आणि मगच विजेचे पॉइंट काढावेत. पॉइंट एकदा भिंतीत बसले की टेबले त्यांच्यामागे जातात आणि मुले टेबलांच्या मागे. हे काम विद्यार्थ्यांनीच करावे. त्यात त्यांचा परावर्तनाचा धडाही पक्का होईल आणि उशिरा येणाऱ्यालाही वाचता येईल अशी खुर्ची मिळेल.